फोटो फाटून राहिला!

जुन्या चपला, रिकामे डबे आणि किस्से या तीन वस्तू कोणी मुद्दाम गोळा करत नाही, तरी साचत जातात. चपला-डबे निदान दिवाळीत भंगारवाल्याला देता येतात. किश्श्यांचं काय करायचं? ते आपण एकाला सांगितले की तो आपले दोन सांगून जातो. साठा वाढतच राहतो!

मरोद्याच्या बाजारात आमचं फोटोचं दुकान आहे. फोटो काढणं, छापणं, लॅमिनेशन, फ्रेम, फॉर्म भरणं, सगळं. मी मूळची भंडाऱ्याकडची, लग्न होऊन भिलाईत आले. घरात आमची मराठी, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि दुकानात कॉम्प्युटरवर बसते ती टिकेश्वरी माझ्याशी छत्तीसगढीत बोलते. 'मेगापिक्सल' हा शब्द मात्र तिन्ही भाषांत सारखाच आहे. आणि तिन्ही भाषांत तो कोणालाही धड समजत नाही!

लहान फोटो ओढून मोठा केला, की त्यात चौकोन चौकोन दिसायला लागतात. आमच्या धंद्यात त्याला फोटो 'फाटला' म्हणतात. एकदा एका आजोबांना मी म्हटलं, "आजोबा, हा लहानच राहू द्या. मोठा केला तं फाटते."

ते म्हणाले, "मंग हळूहळू मोठा कर ना बाई. घाई कावून करून राहिली?"

*

आमच्या घरापासूनच सुरू करते.

आमचे हे चरोद्याच्या रेल्वे यार्डात आहेत. कोणता डबा कोणत्या मालगाडीला लागणार, कोणता कुठून सुटणार, हे सगळं यांच्या डोक्यात पक्कं. घरातली कात्री कुठे असते ते विचारू नका.

एका दिवाळीला यांनी मोबाईल घेतला. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, एकशे आठ मेगापिक्सल. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या हे ओरडले, "आई, एकशे आठ आणला!"

सासूबाई आतून धावत आल्या. "एकशे आठ? कावून बलावली गाडी? कोण बिमार आहे?"

आमच्याकडे अँब्युलन्सचा नंबर एकशे आठ आहे, हे लक्षात घ्या.

त्यानंतर महिनाभर ज्याला त्याला एकशे आठ. भाजीवालीलासुद्धा सांगून झालं. एक दिवस यार्डातून यांनी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. संध्याकाळचं लाल आभाळ आणि खाली लांबच लांब मालगाडी. फोटो खरंच चांगला होता. लगेच फोन. "हा बैठकीत लावायचा आहे. भिंतभर मोठा छाप."

मी दुकानात फाईल उघडली. टिकेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मी यांना फोन लावला.

"अहो, हा तं दीड मेगापिक्सलचासुद्धा नाई."

"काय सांगते! मी एकशे आठवर ठेवून काढला!"

"तुमी काढला असान. इथं आला तो एवढाच."

"मंग बाकीचे?"

"ग्रुपवर टाकला की मोबाईल त्याले दाबून लहान करते अन् मंग पाठवते."

"कोणाले विचारून?"

मीच गोंधळले. खरंच, कोणाला विचारून करतो तो?

संध्याकाळी हे ड्यूटीवरून आले, चहासुद्धा घेतला नाही. बैठकीत येरझारा घालत होते. शेवटी थांबले आणि म्हणाले, "आमच्या यार्डात एक डबा कमी भरला तं इन्क्वायरी बसते, इन्क्वायरी! इथं चरोद्यावरून मरोद्याले येयेपर्यंत शंभराच्या वर मेगापिक्सल गायब झाले, अन् कोणाले पत्ता नाई!"

*

डिजिटल कॅमेरे नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतले गजभिये भाऊ आमच्या ह्यांच्यासोबतच कामाला. रेल्वेचा पास होता, म्हणून वहिनींना घेऊन पुरीला निघाले. वहिनींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. भाऊंनी खास त्यासाठी कॅमेरा घेतला.

कॅमेऱ्यात फोटोची साईज ठरवायची सोय असते. मोठी, मधली, लहान. भाऊंनी पाहिलं, मोठ्या साईजमध्ये कार्डात थोडेसेच फोटो बसतात आणि सर्वांत लहानमध्ये ढीगभर. रेल्वेचा माणूस! जास्त पॅसेंजर बसतात तीच गाडी चांगली. लावली लहान.

परत आल्यावर दोघं दुकानात आले. एक फोटो पाहून मी बघतच राहिले. वहिनी गुडघाभर पाण्यात उभ्या आहेत, लाट येऊन आदळली आहे आणि त्या तोंड उघडून, डोळे मिटून हसताहेत. एवढी वर्षं मी त्यांना ओळखते, असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"हा," वहिनी म्हणाल्या. "हा मोठा करून दे. दाराच्या समोर लावतो."

टिकेश्वरीनं मोठा केला. लाटेचा फेस आणि वहिनींचे दात एक झाले. कुठे बाई संपते आणि कुठे समुद्र सुरू होतो, समजेना.

"असा कसा फाटते?" भाऊ चिडले. "कॅमेरा आठ मेगापिक्सलचा आहे! बिल दाखवू?"

"भाऊ, कॅमेरा आठचा आहे. तुमी फोटो पावचा काढला."

भाऊंना काही उमजेना. वहिनींना मात्र लगेच समजलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे बाई. यायले गंज-पातेलं भरून दूध देल्लं तरी हे चहा कपभरच मांडतात!"

शेवटी पोस्टकार्डाएवढा छापला. त्यात वहिनी आणि समुद्र दोघंही नीट मावले. पण वहिनींचं मन काही भरलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा पास काढला, पुन्हा पुरी! या खेपेला भाऊंनी सर्वांत मोठी साईज लावली आणि दुर्ग सुटल्यापासून जे फोटो काढायला लागले, ते प्रत्येक स्टेशनाची पाटी, प्रत्येक पूल, प्रत्येक इंजिन. पुरीच्या अलीकडे, खुर्दा रोडलाच कार्ड भरलं!

वहिनी पाण्यात उभ्या राहून हाका मारत होत्या, आणि भाऊ वाळूत बसून प्लॅटफॉर्मचे फोटो डिलीट करून राहिले होते.

*

आता खोब्रागडे बाईंचं ऐका. त्यांची मुलगी समीक्षा नोकरीचा ऑनलाईन फॉर्म भरायला आली. शेवटची तारीख. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि त्या फॉर्मची साईट सारखी बसत होती. पोरगी घामाघूम. तिनं दोन वर्षं या परीक्षेचा अभ्यास केला होता. आई तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन उभी.

फॉर्मवर लिहिलं होतं, फोटो वीस केबीपेक्षा कमी नको आणि पन्नासच्या वर नको. म्हणजे फाईल एवढीच जड हवी. ज्या कॅमेऱ्याचा एक फोटो पाच हजार केबीचा येतो, त्याला पिळून पिळून पन्नासच्या आत बसवायचा! मोठा कर म्हणून एक भांडतो, लहान कर म्हणून दुसरा. आमचा जन्म यातच चालला आहे.

मी फोटो केला आणि समीक्षाला सांगितलं, "चौतीस आला बघ."

मागून बाईंचा आवाज. "पन्नासपैकी?"

"हो."

बाईंचा चेहरा उतरला. "चौतीसच? मागच्या खेपेले त्या वानखेड्याच्या पोराले किती भेटले होते?"

"मम्मी, वो मार्क्स नहीं हैं!" समीक्षा वैतागली.

"तू चूप बैस. ताई, काई वाढवता येत असन तं पाहा ना. पोरीनं लय मेहनत केली."

त्यांची कळकळ पाहून मला नाही म्हणवेना. पुन्हा केला, सत्तेचाळीस आणला. बाईंनी दोन्ही हात जोडले. मग सहीची पाळी. सही कागदावर करून तिचा फोटो काढायचा, तो दहा ते वीसच्या मध्ये बसवायचा. समीक्षानं सही केली, मी काढली. आठ केबी! साईटनं परत पाठवली.

बाई म्हणाल्या, "तेच तं! मी लहानपणापासून हिले सांगून राहिली, तुझं अक्षर कच्चं आहे!"

*

एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत जयंतीची धामधूम असते. एका वर्षी समितीचे अध्यक्ष वासनिक भाऊ आले. चौकात मोठा फ्लेक्स लावायचा होता. मधे बाबासाहेबांचा फोटो, खाली एका कोपऱ्यात अध्यक्षांचा.

बाबासाहेबांचा फोटो आमच्याकडे उत्तम आहे, मोठा आणि स्वच्छ. अध्यक्षांनी स्वतःचा आणला तो कोणाच्या तरी लग्नातल्या पंगतीमधला, चार मोबाईलांतून फिरून आलेला, वाटाण्याएवढा.

"भाऊ, हा फाटन. दुकानात उभे राहा, दोन मिनिटांत नवा काढून देते."

"नाई. त्या दिवशी मी कोट घातला होता."

विषय संपला. टिकेश्वरी म्हणाली, "दीदी, फ्लेक्स म चल जाही. दूरिहा ले कोन देखथे?" म्हणजे, फ्लेक्सवर चालून जाईल, लांबूनच तर पाहतात. मला काही पटेना. हातातल्या लहान फोटोला पिक्सल दाट लागतात आणि वीस फुटी फ्लेक्सला विरळ चालतात? लहानाला जास्त, मोठ्याला कमी? माझं डोकं गरगरलं. अजूनही जेवताना मधेच आठवलं की गरगरतं.

फ्लेक्स लागला. अर्ध्या तासात अध्यक्ष दुकानात! "बाई, माझ्या तोंडाच्या विटा दिसून राहिल्या! अख्खी वस्ती हसून राहिली!"

आम्ही दोघी चौकात गेलो. खरंच, खालून पाहिलं तर कोटवाला माणूस आहे की अर्धवट बांधकाम, ओळखू येईना. टिकेश्वरीनं अध्यक्षांचा हात धरला आणि त्यांना रस्त्यापलीकडे पानठेल्यापाशी नेऊन उभं केलं. "अब देख, भैया."

अध्यक्षांनी पाहिलं. डोळे चोळले. कोट, टाय, मिशा, सगळं साफ! ते चार पावलं पुढे गेले, विटा. मागे आले, अध्यक्ष. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. एक स्कूटरवाला शिव्या देऊन गेला.

मग काय! दिवसभर अध्यक्ष पानठेल्यापाशीच. येणाऱ्या-जाणाऱ्याचा दंड धरून, "इथं या, इथं. इथून पाहा." संध्याकाळी पाहुणे आले. फ्लेक्सखाली सगळी समिती रांगेत उभी राहिली, मी कॅमेरा लावला. अध्यक्षच नाहीत! मंचावरून माईकवर पुकारा झाला, "अध्यक्ष महोदय, फोटोले या!"

रस्त्यापलीकडून उत्तर आलं, "तुमीच इकडे या! मी तिकडे आलो तं फाटतो!"

*

बन्सोड काका भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये क्रेन चालवत. रिटायर झाल्यापासून सकाळचा पेपर आमच्याच बाकावर वाचतात. मुलगा पुण्याला. काका-काकूंच्या लग्नाच्या वाढदिवसाला मी दुकानात दोघांचा एक फोटो काढला होता. काकूंनी नवी साडी नेसली होती आणि काकांनी, काकूंच्या भाषेत, "माणसासारखं तोंड" केलं होतं.

मुलाला तो फोटो ऑफिसच्या टेबलावर लावायचा होता. त्यानं फोनवर सांगितलं, "बाबा, ओरिजिनल पाठवा."

ओरिजिनल म्हणजे मूळ फाईल. ती माझ्याकडे होती, मागितली असती तर तेव्हाच दिली असती. पण काकांच्या हिशोबानं ओरिजिनल म्हणजे भिंतीवरचा कागदाचा फोटो. त्यांनी तो फ्रेमसकट खाटेवर ठेवला, मोबाईलनं त्याचा फोटो काढला आणि पाठवला.

मुलाचा फोन. "बाबा, काचेत ट्यूबलाईट दिसून राहिली. आईच्या डोक्यातून निघते ती. ओरिजिनल पाठवा."

काकांनी ट्यूबलाईट बंद करून काढला. आता दोघं अंधारात. मुलगा म्हणाला, "बाबा, ओरिजिनल!" काकांनी फ्रेम अंगणात नेली. काचेत शेजाऱ्याची पाण्याची टाकी आली. "बाबा, ओरिजिनल!!"

मग काकांनी फ्रेम फोडून कागदच कुरिअरनं पाठवला. पोचला, पण दुमडून. घडीची रेघ बरोबर काकूंच्या नाकावरून. मुलानं त्या दुमडलेल्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, 'असा आला, ओरिजिनल पाठवा.' काकांनी तोच फोटो मोबाईलमध्ये उतरवला आणि माझ्याकडे आले. "ताई, याची मोठी कॉपी करून दे. त्याले अजून ओरिजिनल भेटलाच नाई मन्ते."

मी सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "काका, फाईल माझ्याजवळ आहे. आत्ता पाठवते."

काकूही सोबत आल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "काई पाठवू नको. किती वर्षं झाले त्याले येऊन! ओरिजिनल पायजे ना? आमी दोघं इथंच आहोत. त्याले मना, गाडीत बस, अन् येऊन पाहा!"

दिवाळीला आला तो. चांगला आठ दिवस राहिला.

*

माझी भाची पूर्वा नर्स आहे. तिच्यासाठी गोंदियाचं स्थळ आलं. नणंदबाई मोबाईल घेऊन दुकानात आल्या, मागे पूर्वा तोंड फुगवून.

मुलाचा फोटो या नातेवाइकाकडून त्या नातेवाइकाकडे, असा तीन-चार ग्रुपांतून आलेला. मी कॉम्प्युटरवर मोठा केला. मुलगा उभा आहे, एवढं नक्की होतं.

"दाढी आहे का सावली?" नणंदबाई.

"काय माहीत. नाक बी कधी दिसते, कधी नाई दिसत."

"मामी, मुझे ब्लर आदमी से शादी नहीं करनी," पूर्वा म्हणाली.

मुलाकडे चांगला फोटो मागायचा तर पंचाईत. फोटो मागितला म्हणजे पसंत आहे असं समजतील. शेवटी मी फोन केला. मुलाच्या वडिलांनी उचलला. मी म्हटलं, "भाऊजी, फोटो लहान होऊन आला. साधा पाठवू नका, डॉक्युमेंट करून पाठवा, मंग फाटत नाई."

"हो हो, डॉक्युमेंट पाठवतो!"

दहा मिनिटांनी मोबाईल वाजायला लागला. मुलाची दहावीची मार्कशीट. बारावीची. डिग्री. जातीचा दाखला. रहिवासी दाखला. पोलिओचं कार्डसुद्धा! एक फोटो सोडून सगळं आलं.

"पोरगं हुशार आहे," मार्कशीट पाहून नणंदबाई विरघळल्या. "गणितात पाहा किती आहेत."

पुन्हा फोन केला, सगळं समजावून सांगितलं. तेव्हा कुठे मूळ फोटो आला. मोठा, स्वच्छ, शर्टाची शिवणसुद्धा दिसावी असा. मुलगा चांगला होता. ताठ उभा, चेहरा गंभीर, पण ओठाचा एक कोपरा हसू दाबल्यासारखा वर गेलेला.

"ये हँस क्यों रहा है?" पूर्वानं माउस हातात घेतला आणि फोटो इकडे तिकडे सरकवून पाहू लागली. मुलाच्या मागे काचेचं कपाट होतं. त्या काचेत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंब पडलेलं. तिनं ते मोठं केलं. आणखी मोठं केलं. फाटलं नाही!

मुलाचे वडीलच फोटो काढत होते. मुलाचंच नाक, पांढऱ्या मिशा, बनियन. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं स्वतःचा कान ओढलेला, आणि जीभ पूर्ण बाहेर!

पूर्वा हसता हसता खुर्चीवरून उतरून खालीच बसली. नणंदबाई घाबरल्या. "काय झालं? पोराचं काई वाईट दिसलं का?"

"लड़के को बाद में देखेंगे मम्मी," पूर्वा डोळे पुसत म्हणाली, "ससुर पास!"

*

आणि एक यशोदाबाईंचं सांगते.

त्या नंदिनी नगरच्या. तिथे चुनखडीच्या खदानी आहेत. नवरा खदानीत दगड फोडायच्या क्रशरवर होता, जन्मभर चुन्याच्या धुळीत. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. घरी बुद्धवंदना ठेवली होती, लोक येणार होते, त्यासाठी मोठा फोटो हवा. दोन्ही मुलं आईला घेऊन आली. मोठा रायपूरला नोकरीला, धाकटा तिथेच.

फोटो एकच होता. कॉलनीच्या कुठल्याशा कार्यक्रमात, जुन्या बटणाच्या मोबाईलवर काढलेला. पंधरा-वीस माणसं, आणि मागच्या रांगेत कडेला मुलांचे वडील. आयकार्डाचा सोडला तर त्यांनी आयुष्यात एकट्यानं कधी फोटो काढून घेतला नव्हता. आणि तोही घासून गेला होता.

मी मुलांना सांगितलं, "यातून पासपोर्ट साईजपेक्षा मोठा निघत नाई. फाटन."

"काही तरी करा ताई," मोठा म्हणाला. "बाबांचा घरात एक बी फोटो नाई."

आजकाल असे प्रोग्रॅम आलेत, की अंधूक चेहरा दिला तर ते आपल्या मनानं डोळे, नाक, केस भरून स्वच्छ करून देतात. टिकेश्वरीनं तो लावला. आम्ही सगळे पडद्याकडे पाहत उभे. हळूहळू चेहरा आला. एकेक केस वेगळा, डोळ्यांत चमक, कातडी गुळगुळीत. मुलं हरखली.

"एकदम असली!" धाकटा म्हणाला. "आई, पाहा! बाबा!"

यशोदाबाई बाकावरून उठून जवळ आल्या. पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ. खूप वेळ पाहिलं.

"कोण आहे हा?"

"आई, बाबा आहेत ना!"

"नाई," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत. परत जाऊन बाकावर बसल्या. "चांगला माणूस आहे. पण हा आपल्या घरचा नाई."

मुलं एकमेकांकडे पाहायला लागली. मोठा मला हळूच म्हणाला, "ताई, हाच छापा. तिले सवय होऊन जाईन." धाकटा म्हणाला, "नको, पासपोर्ट साईजच ठीक आहे." दोघांची तिथेच जुंपली. निदान फाटतो म्हणजे काय होतं ते यांना दिसावं, म्हणून मी मूळचाच तुकडा, काही न करता, मोठ्या कागदावर छापला.

कागद बाहेर आला. जसा येणार होता तसाच. डोळ्यांच्या जागी दोन डाग, मिशी आहेशी वाटते, बाकी सगळं पांढुरकं, भुरकट, कण कण झालेलं. मी तो मुलांना दाखवला. "पाहा, असं होते."

यशोदाबाईंनी हात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो लांब धरला, मग थोडा जवळ आणला, आणि मग एकदम हसल्या.

"आले," त्या म्हणाल्या.

"आई, फाटलेला आहे तो," मोठा म्हणाला. "तोंड बी दिसत नाई धड."

"तुले नसन दिसत. तू झोपून राहायचा." त्यांनी कागदावरची नजर काढली नाही. "ड्यूटीवरून आले की दारात असेच उभे राहत. याचीच फ्रेम कर, ताई."

मी फ्रेम आणायला वळले. यशोदाबाईंनी फोटो मांडीवर घेतला, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तो चेहरा हळूहळू पुसला. मग पदर उलटा करून उजेडात धरला आणि पाहिला.